कर्ण्यामागचा माणूस : नानिक मोटवाने
कळवा, खास प्रतिनिधी

स्वातंत्र्यलढ्यातील सभांची जुनी छायाचित्रे पाहताना आपली नजर साहजिकच वक्त्याच्या चेहऱ्यावर स्थिरावते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या मायक्रोफोनकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ते गेले, तर अनेक छायाचित्रांत एकच नाव वाचायला मिळते : शिकागो रेडिओ. अमेरिकेतील एका शहराचे नाव भारतीय स्वातंत्र्याच्या व्यासपीठावर कसे पोहोचले, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नानिक मोटवाने यांचे आयुष्य.

मोटवाने कुटुंब मूळचे सिंधमधील. नानिक यांचे वडील ग्यानचंद मोटवाने यांनी 1909 मध्ये सक्कर येथे विजेच्या वस्तूंचा लहानसा व्यापार सुरू केला. तेथून ते कराचीला गेले आणि 1919 मध्ये त्यांनी मुंबई गाठली. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचाच भाग असल्याने कराची-मुंबई ही व्यापाऱ्यांची नेहमीची वाट होती. ग्यानचंद ज्या अमेरिकी कंपनीकडून दूरध्वनीचे साहित्य मागवीत, तिच्या नावातील शिकागो हा शब्द त्यांनी आपल्या पेढीसाठी स्वीकारला. पुढे रेडिओचा जमाना आला आणि शिकागो रेडिओ हे नाव रूढ झाले. नानिक याच व्यवसायात वाढले. परदेशातून आलेले यंत्र नुसते विकायचे नाही, तर उघडून त्यातली रचना समजून घ्यायची, ही सवय त्यांना तेथेच लागली.

त्या काळापर्यंत सार्वजनिक भाषणाची मर्यादा म्हणजे माणसाच्या गळ्याची मर्यादा होती. लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या उत्सवांतून लोकांना एकत्र आणले ते उघड्या आवाजाच्या बळावर. मराठी रंगभूमीवरचे गायक नटही शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचविण्यासाठी छातीचा भाता पणाला लावीत. गांधीजींच्या सभांना मात्र हजारोंनी लोक जमू लागले आणि गांधीजींचा आवाज तर मुळातच मृदू. मोटवाने कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार, 1929 च्या सुमारास नानिक यांनी गांधीजींची एक सभा पाहिली. सर्वांना ऐकू जावे म्हणून गांधीजींना एकाच मैदानात निरनिराळ्या व्यासपीठांवर जाऊन बोलावे लागत होते. या अडचणीवर आपल्या धंद्यात उपाय आहे, हे नानिक यांनी तेव्हाच हेरले.

उपायाची मूळ कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये तीन विद्युतअग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला होता. काचेच्या निर्वात नळीतील तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात आणि मधल्या जाळीवरचा क्षीण विद्युतसंदेश त्यांच्या मोठ्या प्रवाहावर नियंत्रण ठेवतो. मायक्रोफोनमधून आलेला दुबळा संदेश अशा दोन-तीन टप्प्यांतून गेला की कर्णा घुमविण्याइतका बलवान होतो. 1919 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगो येथे लाउडस्पीकरच्या साह्याने विशाल समुदायापुढे भाषण केले होते. भारतात अडचण होती ती हे यंत्र धूळ, उकाडा आणि विजेचा अभाव यांना तोंड देत गावोगाव चालविण्याची. जेथे तारा पोहोचल्या नव्हत्या तेथे बॅटरीवर काम भागवावे लागे. व्हॉल्व्हची तार तापविण्यास थोडासा दाब पुरे, पण त्याच्या पट्टिकेला काही शे व्होल्ट लागतात. तो उच्च दाब बॅटरीतून निर्माण करणे हे वेगळेच कसब होते.

मार्च 1931 मध्ये सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन कराचीत भरले. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी होऊन जेमतेम काही दिवस लोटले होते आणि वातावरण प्रक्षुब्ध होते. या अधिवेशनाला मोटवाने यांची ध्वनिक्षेपण यंत्रणा पुरविली गेली. त्यानंतर काँग्रेसची अधिवेशने आणि शिकागो रेडिओ यांचे नाते जुळले. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूरला अधिवेशन भरले आणि काँग्रेस प्रथमच खेड्यात गेली. ज्या चळवळीला खेड्यापर्यंत पोहोचायचे होते, तिला कर्णा ही चैन राहिली नव्हती. नानिक आणि त्यांचे बंधू विश्राम हे या कामात अग्रभागी होते.

पण व्यापारी म्हणून केलेली सेवा वेगळी आणि स्वतःला संकटात घालणे वेगळे. ती कसोटी 1942 मध्ये आली. गवालिया टँक मैदानावरून छोडो भारतची हाक उठली आणि दुसऱ्याच दिवशी नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा उषा मेहता या 22 वर्षांच्या तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ उभारला. 27 ऑगस्ट 1942 रोजी 42.34 मीटरवर त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. युद्धामुळे हौशी प्रक्षेपकांचे परवाने आधीच रद्द झालेले असल्याने सुटे भाग मिळविणेही जोखमीचे होते. या केंद्राला साहित्य आणि तंत्रज्ञांचे साह्य मिळाले ते मोटवाने यांच्याकडून. जो व्हॉल्व्ह सभेत कर्ण्याला बळ देत असे, तोच आता आवाज मैदानाबाहेर, पोलिसांच्या हाताबाहेर नेत होता.

पकडले जाऊ नये म्हणून प्रक्षेपक सतत जागा बदलत राहिला. 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांनी धाड घातली. पाच जणांवर खटला भरण्यात आला आणि त्यांत नानिक मोटवाने होते. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली, नानिक निर्दोष सुटले. ज्याची भरभराट सरकारी परवान्यांवर अवलंबून होती, अशा व्यावसायिकाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. पेढी, कामगार, वडिलांनी तीन दशके जमविलेली पत, सारेच त्यांनी डावावर लावले होते.

स्वातंत्र्यानंतर शिकागो रेडिओचे मायक्रोफोन सत्ताधाऱ्यांच्या व्यासपीठावर दिसू लागले. नाशिकरोडच्या कारखान्यातून निघालेले मोटवाने मीटर वायरमन आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचले. 1970 मध्ये नानिक यांचे निधन झाले. तोवर ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची जागा घेण्यास सुरुवात केली होती. जड लोखंडी पेटीतले ते अॅम्प्लिफायर हळूहळू मंडपवाल्यांच्या गोदामांत आणि तेथून भंगारात गेले.

गेल्या काही वर्षांत या पेट्यांना वेगळाच ग्राहक लाभला आहे. तो म्हणजे गिटारवादक. सभेचा अॅम्प्लिफायर आणि गिटारचा अॅम्प्लिफायर यांची आतली रचना जवळपास सारखी असते. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी 1962 मध्ये आपला प्रसिद्ध अॅम्प्लिफायर तयार केला, तो अमेरिकी फेंडर बासमनच्या धर्तीवर. त्या काळात सभेसाठीच्या यंत्रांना गिटार जोडणारे वाद्यवृंदही थोडे नव्हते. गंमत अशी की, सभेच्या यंत्राने शब्द स्वच्छ ठेवावा म्हणून रचनाकार झटत असे आणि गिटारवादकाला व्हॉल्व्ह ताणल्यावर येणारा खरखरीत गोडवाच हवा असतो.

कळव्यात किंवा डोंबिवलीत एखाद्या भंगारवाल्याकडे नाव पुसलेली अशी पेटी आढळली, तर तिची ओळख पटविता येते. व्हॉल्व्हवरील क्रमांक प्रथम वाचावा. 6एल6 हा व्हॉल्व्ह 1936 मध्ये आला, ईएल34 युद्धानंतर. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 मध्ये व्हॉल्व्ह बनविण्यास सुरुवात केली, तेव्हा तेथला शिक्का त्याआधीचा असू शकत नाही. अर्थात व्हॉल्व्ह बदलले जातात. ट्रान्सफॉर्मर, सांगाडा आणि मागच्या बाजूची जोडणी सहसा मूळची राहते, म्हणून त्यांचा पुरावा अधिक भरवशाचा. मागे 100 व्होल्ट लाइनची जोडणी असेल तर पेटी सभेचीच समजावी. लांब तारांतून अनेक कर्णे चालविण्यासाठी ती सोय असे. गिटारचा स्पीकर मात्र 4, 8 किंवा 16 ओहमच्या जोडणीला त्याच्या मापानुसार लावावा लागतो.

उत्साहाच्या भरात अशी पेटी थेट प्लगमध्ये लावणे धोक्याचे आहे. आत 300 ते 450 व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. जुने कपॅसिटर बदलून, अर्थिंग नीट करून, डिमरस्टॅट किंवा सिरीज बल्बच्या साह्याने जाणकार मेकॅनिककडूनच ती सुरू करवून घ्यावी. स्पीकर न जोडता तर ती कधीच चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तसा दुसरा मिळणे दुरापास्त असते.

नानिक मोटवाने यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोठे केले. त्यांची स्वतःची भाषणे कुणाच्या स्मरणात नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा आहे तो छायाचित्रांतल्या पाट्यांत, एका खटल्याच्या कागदपत्रांत आणि कुठे कुठे उरलेल्या या जड पेट्यांत. तांब्याच्या भावाने ट्रान्सफॉर्मर तोडून विकण्याआधी त्यावरची पाटी पुसून वाचण्याचे कष्ट कुणी घेतले, तर त्यांतली एखादी पेटी अजूनही वाचू शकेल.