९६०० बॉडच्या मागचा माणूस

लॅबच्या पीसीवर सिगविन टाकलं की विंडोजचा कॉम-१ पोर्ट युनिक्सच्या थाटात टीटीवायएस-० म्हणून दिसायला लागतो. मग एसटीटीवाय कमांडने ९६०० बॉड सेट करायचा आणि मायक्रोकंट्रोलरशी गप्पा मारायच्या. पलीकडे ४८०० असेल तर स्क्रीनवर नुसता कचरा! हा बॉड म्हणजे शॉर्टफॉर्म नव्हे, एका फ्रेंच माणसाचं आडनाव आहे. एमिल बोदो.

जन्म १८४५ चा, शेतकऱ्याच्या घरचा. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतंच. (आपण इथे एम-थ्रीला रडतो!) १८६९ मध्ये तो तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला. मॉर्समध्ये ई ला एकच टिंब आणि क्यू ला चार खुणा, त्यामुळे अक्षर कुठे संपलं हे यंत्राला कळणं कठीण. बोदोने प्रत्येक अक्षराला पाच सारख्या लांबीच्या खुणा दिल्या, म्हणजे ३२ जुळण्या. १८७४ मध्ये पेटंट घेतलं. खात्याने प्रोत्साहन दिलं खरं, पण काम स्वतःच्या वेळात कर म्हणून!

पाच खुणांची आयडिया त्याच्या आधीही होती, आणि ती आपलीच असं म्हणत मिमो नावाचा सहकारी त्याच्याशी भांडला. मला विचाराल तर बोदोची खरी कमाल जुळणीत आहे. ह्यूजचं छापणारं यंत्र, मायरची वेळेची वाटणी आणि हा कोड त्याने एकत्र आणला. दोन्ही टोकांना फिरणारे हात एकाच वेगाने फिरायचे आणि एकाच तारेवर चार ऑपरेटर पाळीपाळीने बोलायचे. पियानोसारख्या पाच पट्ट्या, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. यंत्राची टकटक ऐकून ठेक्यातच दाबायच्या. ठेका चुकला की अक्षर गेलं. आपला ४८०० चा कचरा तो हाच.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. १८९० मध्ये लग्न झालं आणि तीनच महिन्यांत बायको वारली. १९०३ मध्ये, ५७ व्या वर्षी, तोही गेला. एककाला त्याचं नाव मिळालं ते नंतर.

व्हायवासाठी एक गोष्ट: बॉड म्हणजे सेकंदाला किती खुणा, किती बिट नव्हे. आपल्या पोर्टवर दोनच पातळ्या असल्यामुळे दोन्ही आकडे सारखे येतात. फिरता हात आता नाही, त्याऐवजी प्रत्येक अक्षराआधी स्टार्ट बिट आणि शेवटी स्टॉप बिट जातो. आठ डेटा बिट धरून दहा झाले, म्हणजे ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं. बोदोचा ऑपरेटर मिनिटाला साधारण ३० शब्द पाठवायचा.