चाळीसगावचा टांगा आणि बाबासाहेबांचे पाय

बाबासाहेबांचा पुतळा पाहिला की ताठ उभा देह आणि उंचावलेले बोट डोळ्यांत भरते. त्या देहाने काय सोसले, याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. त्यातला एक घाव आपल्या खान्देशातला आहे.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खान्देशातले काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती. ती करून पुढच्या गाडीने ते चाळीसगावला आले, तेव्हा वस्तीतली माणसे हार घेऊन स्टेशनवर उभी होती. त्या रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडेच ठरला होता. वस्ती दोन मैलांवर, नदीपलीकडे. पण तास झाला तरी कोणी हलेना.

शेवटी एक टांगा आला. टांग्यात बाबासाहेब आणि हाकणारा, दोघेच. बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. दोनशे पावलांवरच मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवर कठडे नसलेला फरशी पूल, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड. वळणावर घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत पडले. बाबासाहेबांची शुद्ध हरपली, पाय मोडला.

खरी हकीकत त्यांना नंतर कळली. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशाला नेायला तयार नव्हता. टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा आणा, एवढ्यावर तडजोड झाली. आपल्या साहेबांनी पायी चालत यावे हे वस्तीला पटेना, म्हणून कधी लगाम न धरलेला एक जण पुढे झाला. बाबासाहेबांनी ही घटना पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली. तीत त्या बिचाऱ्यावर राग दिसत नाही. मान राखण्याच्या नादात जिवाची काळजी राहून गेली, हे मात्र त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे.

बेशुद्ध बाबासाहेबांना माणसांनी उचलून वस्तीत नेले. बायका-मुले आक्रोश करत होती. त्या काळी, त्या जागी दुसरे काय करणार? पण आज आपल्याकडे दवाखाने आहेत, रुग्णवाहिका आहे. तरीही कोणी पडला की लोक आधी पाय चोळतात, तेल लावतात, ओढून हाड बसवू पाहतात. मोडलेल्या हाडावर मालिश म्हणजे दुखापतीत भर. आधी नीट पाहावे: पाय वाकडा दिसतो का, सूज चढते आहे का, त्यावर भार देता येतो का, बोटे गार किंवा बधीर पडली आहेत का. शंका असेल तर फळीचा आधार द्यावा, हलवू नये. डोक्यावर आपटून शुद्ध गेलेल्याची मान तर वळवूच नये.

त्या अपघातानंतर बाबासाहेब बरेच दिवस अंथरुणावर होते. पण खान्देश त्यांनी टाळला नाही. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्याला आले.

उतारवयातले पायांचे दुखणे वेगळे होते. घटनेचे काम चालू असताना मधुमेहाने त्यांना ग्रासले. पायांत ठणका लागे, रात्र रात्र झोप नसे. उपचारांसाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे जात. तिथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा दिल्लीत विवाह झाला. माईसाहेबांनी पथ्य, औषधे, इन्सुलिन सांभाळले. ऑगस्ट १९५१ मध्ये हिंदू कोड बिल लवकर घ्यावे असे पंतप्रधानांना कळवताना बाबासाहेबांनी आपल्या ढासळत्या प्रकृतीचेही कारण दिले होते.

अशा पायांना हलक्या हाताने दाबले की बरे वाटते. पण मधुमेहात तळवे बधीर होतात, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून तेल कढत नको आणि तळव्यावर, बोटांच्या बेचक्यात जखम नाही ना, हे रोज बघायला हवे. एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर ती अजिबात चोळू नये; आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. आपल्या घरांत आजोबांचे पाय नातवंडे दाबतात. एवढे त्यांनाही सांगून ठेवावे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या व्यासपीठावर बाबासाहेब आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर ठेवून. रत्तू त्यांचे सचिव, मूळचे पंजाबचे. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोडवर रत्तूंनीच त्यांचे पाय दाबले, डोक्याला तेल लावले. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते. मग त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवून घेतले. रत्तू घरी गेले. पहाटेपूर्वी झोपेतच बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.