लाकूड वाकवणारा सुतार

मुंबईतील जुन्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती मांडलेली गोलाकार पाठीची, काळपट लाकडाची खुर्ची ठाऊक नसलेला मुंबईकर विरळाच. उचलायला हलकी, दिसायला साधी आणि वर्षानुवर्षांच्या वापराला पुरून उरणारी. अशा कित्येक खुर्च्या पोलंड, झेकोस्लोव्हाकिया या देशांतून बोटीने मुंबईत आल्या होत्या. त्यांच्या रूपाचा उगम मात्र त्याहून मागे, एकोणिसाव्या शतकातील एका कर्जबाजारी जर्मन सुताराच्या कार्यशाळेत सापडतो. मिखाएल टोनेट हे त्यांचे नाव. घरगुती वस्तूंच्या आधुनिक रचनेचा इतिहास सांगताना त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

टोनेट यांचा जन्म 2 जुलै 1796 रोजी ऱ्हाइन नदीकाठच्या बोप्पार्ड या लहानशा गावात झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. मुलाने मात्र सुतारकामाची वाट धरली आणि 1819 मध्ये गावातच स्वतःची कार्यशाळा थाटली. पुढच्याच वर्षी आना ग्राझ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. कसबी कारागीर म्हणून पंचक्रोशीत नाव झाले, काम मिळत गेले. एखादा सुतार एवढ्यावर समाधानी राहिला असता.

टोनेट यांना एक गोष्ट खटकत होती. त्या काळच्या फर्निचरमध्ये वक्राकार भागांची मोठी हौस होती. हे भाग करायचे म्हणजे जाड फळीतून हवा तो आकार कोरून काढायचा. त्यात लाकूड फुकट जाई, वेळ जाई आणि एवढे करूनही आडव्या कापल्या गेलेल्या तंतूंमुळे तो भाग कमजोरच राही. लाकूड कोरण्याऐवजी वाकवता आले तर? 1830 च्या दशकात त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, त्यांचा जुडगा करून साच्यात वाकवायला सुरुवात केली. सरस वाळला की पट्ट्या एकजीव होत आणि वक्र आकार कायम राही. तंतू वळणाबरोबर वळत असल्याने असा भाग बारीक असूनही बळकट असे. या पद्धतीने केलेल्या खुर्च्या नेहमीच्या खुर्च्यांहून कितीतरी हलक्या होत्या. सरस हाताशी असावा म्हणून 1837 मध्ये त्यांनी सरस तयार करणारा कारखानाही विकत घेतला.

कल्पना चांगली होती, पण ती कोणीही उचलू शकत होते. प्रशियात पेटंट मिळाले नाही. इतर देशांत पेटंट मिळवण्याच्या खटपटीत पैसा खर्च होत गेला आणि कर्ज वाढत गेले. अशा वेळी 1841 मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात त्यांच्या खुर्च्यांवर ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर मेटर्निख यांची नजर पडली. मेटर्निख मूळचे कोब्लेंझचे. बोप्पार्डमध्ये राहिलात तर कायम गरीबच राहाल, व्हिएन्नाला या, असा सल्ला त्यांनी दिल्याचे सांगतात. टोनेट 1842 मध्ये व्हिएन्नाला गेले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांना ऑस्ट्रियात लाकूड वाकवण्याच्या पद्धतीचा हक्कही मिळाला.

इकडे बोप्पार्डमध्ये सावकारांचा धीर सुटला होता. टोनेट व्हिएन्नात असतानाच त्यांच्या मालमत्तेवर टाच आली. वीस वर्षांहून अधिक काळ उभे केलेले सारे गेले. बायकामुलांना व्हिएन्नाला बोलावून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गावचा हा प्रतिष्ठित सुतार परक्या शहरात दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. कार्ल लाइस्टलर या व्यावसायिकासाठी त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी व्हिएन्नातील लिश्टेनश्टाइन राजवाड्याच्या नूतनीकरणात भाग घेतला. तेथील लाकडी नक्षीदार जमीन आणि नाजूक खुर्च्या यांत वाकवलेल्या लाकडाचे तंत्र त्यांना वापरता आले.

1849 मध्ये टोनेट यांनी पुन्हा स्वतःची कार्यशाळा उघडली. आता गिऱ्हाईक बदलले होते. व्हिएन्नातील प्रसिद्ध कॅफे डाउमने त्यांच्याकडून खुर्च्या घेतल्या, तर पेस्टमधील एका हॉटेलाने एकदम 400 खुर्च्यांची मागणी नोंदवली. राजवाड्यातील खुर्ची मिरवण्यासाठी असते. कॅफेतील खुर्ची दिवसाला दहा वेळा ओढली जाते, आपटते, कधी कलंडते. ती हलकी हवी, मजबूत हवी आणि मुख्य म्हणजे स्वस्त हवी. टोनेट यांच्या खुर्चीवरची नक्षी हळूहळू गळत गेली, ती या गरजेपोटी. 1851 च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या उंची फर्निचरला कांस्यपदक मिळाले. 1853 मध्ये त्यांनी व्यवसाय फ्रान्झ, मिखाएल, आउगुस्ट, योझेफ आणि याकोब या पाच मुलांच्या नावे केला. ‘गेब्रुडर टोनेट’, म्हणजे टोनेट बंधू, ही कंपनी अशी जन्माला आली. सूत्रे अर्थातच वडिलांच्या हाती राहिली.

आता परदेशांतून मागणी येऊ लागली आणि तिच्याबरोबर नवे संकट आले. सरसाने चिकटवलेल्या खुर्च्या लांबच्या समुद्रप्रवासात आणि दमट हवेच्या प्रदेशांत टिकेनात. ओलाव्याने सरस सुटे आणि पट्ट्या विलग होत. ज्या सरसाच्या आधारावर सारा शोध उभा होता, तोच निरुपयोगी ठरला. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे पट्ट्यांऐवजी अखंड लाकूड वाकवणे.

हे सोपे नव्हते. काठी वाकवली की तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. वाफेवर ठेवलेले लाकूड मऊ होते आणि बराच दाब सोसते, पण ताण मात्र ते फारसा सोसत नाही. बाहेरच्या बाजूने ते तडकते. टोनेट यांनी वाकवण्यापूर्वी काठीच्या बाहेरच्या बाजूस पोलादाची पट्टी लावून तिची दोन्ही टोके घट्ट आवळली. आता बाहेरची बाजू लांबूच शकत नव्हती. संपूर्ण काठीला आतल्या बाजूने दाबले जाणे भाग होते आणि दाब तर लाकूड सोसू शकत होते. कातून गोल केलेली बीचची काठी वाफवायची, पट्टी लावून लोखंडी साच्यावर वळवायची आणि साच्यासकट गरम खोलीत वाळवायची, अशी ही रीत. 1856 मध्ये तिला पेटंट मिळाले.

पाठोपाठ मोराव्हियातील कोरिचानी या गावी, बीच वृक्षांच्या जंगलालगत कारखाना उभा राहिला. लाकूड शहरात आणण्याऐवजी टोनेट यांनी काम जंगलाजवळ नेले. तेथे त्यांनी कसबी सुतार नेले नाहीत. गावातील शेतकरी व मजूर यांना वाफवण्याचे, वाकवण्याचे एकेक काम शिकवले. घासणे, पॉलिश करणे आणि बैठकीची वेताची जाळी विणणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे आली. मजुरी कमी पडत होती, हे त्यामागचे उघड कारण होते. ज्या माणसाने उमेदवारी करून सुतारकी आत्मसात केली, त्याने सुताराविना चालणारी खुर्ची घडवली. स्वस्ताईचा लाभ घराघरांत पोहोचला. त्याची किंमत जुन्या कारागिरीने मोजली.

1859 मध्ये कंपनीने 26 नमुन्यांचा आपला पहिला कॅटलॉग काढला. त्याच वर्षी आलेल्या 14 क्रमांकाच्या खुर्चीने पुढे इतिहास घडवला. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच अखंड वाकवलेली काठी, तिच्या आत आणखी एक कमान, गोल बैठक, पुढचे दोन पाय आणि त्यांना जोडणारे कडे. पुढील काही वर्षांत तिची रचना पक्की झाली, तेव्हा ती सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी होती. सरस नाही, किचकट सांधे नाहीत. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि मुक्कामी पोहोचल्यावर स्क्रू आवळून उभ्या करता येत. आज आपण दुकानातून खोक्यात भरलेले कपाट आणतो आणि घरी जोडतो. त्या व्यवहाराची वाट टोनेट यांच्या या खुर्चीने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती.

1867 च्या पॅरिस प्रदर्शनात कंपनीला सुवर्णपदक मिळाले. 1869 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि अनेक प्रतिस्पर्धी कारखाने निघाले. याकोब आणि योझेफ कोन यांची कंपनी त्यांतील सर्वात मोठी. वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आता एका घराण्याची मिरासदारी राहिली नाही. ती जगभर पसरली, मुंबईच्या हॉटेलांपर्यंत येऊन पोहोचली, याचे एक कारण हेही आहे. मिखाएल टोनेट यांचे 3 मार्च 1871 रोजी व्हिएन्नात निधन झाले. ज्याच्या घरावर एकेकाळी टाच आली होती, त्याने मुलांच्या हाती अनेक कारखाने आणि देशोदेशी पसरलेला व्यापार सोपवला होता.

त्यांच्या कार्याचे खरे मोल ओळखले ते पुढच्या पिढ्यांनी. 1925 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए यांनी आधुनिक घराचा नमुना म्हणून जे दालन उभारले, त्यात त्यांनी टोनेट कंपनीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मांडल्या. नव्या घराला शोभणारी खुर्ची त्यांना कॅफेतून उचलता आली. 1930 पर्यंत 14 क्रमांकाच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या, असे मानले जाते.

आधुनिक रचना म्हणजे कलावंताच्या मनात उमटलेले साधेपणाचे स्वप्न, असा आपला समज असतो. टोनेट यांच्या खुर्चीचा साधेपणा तसा आलेला नाही. वाया जाणारे लाकूड, डोक्यावरचे कर्ज, ओलाव्याने सुटणारा सरस, बोटीचे भाडे या प्रत्येक अडचणीने तिच्यातील एकेक अनावश्यक गोष्ट काढून टाकली. झेक प्रजासत्ताकात बिस्त्रित्से येथे टोनेट यांनी 1861 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात आजही वाफवलेली बीचची काठी माणसे हातांनीच साच्यावर वळवतात आणि 14 क्रमांकाची खुर्ची तयार करतात. तिच्या रचनेत फारसा बदल करण्याची गरज कुणाला भासलेली नाही.