गोतो यूजो

गोतो यूजो (इ.स. १४४० – इ.स. १५१२) हे जपानच्या मुरोमाची काळातील धातुकारागीर आणि तलवारीच्या साजावर कोरीवकाम करणाऱ्या गोतो घराण्याचे मूळ पुरुष होते. आशिकागा वंशातील आठवे शोगुन योशिमासा यांचा त्यांना आश्रय होता. घराण्याच्या मुख्य शाखेने हे काम सतरा पिढ्या, एकोणिसाव्या शतकापर्यंत चालवले. यूजो यांची निर्विवाद स्वाक्षरी असलेली एकही वस्तू मात्र ज्ञात नाही. आज जे काम त्यांचे म्हणून ओळखले जाते, ते वंशजांच्या आणि अभ्यासकांच्या निर्णयावरून.

जीवन

यूजो यांचा जन्म मिनो प्रांतातील (सध्याचा गिफू प्रांत) एका सामुराई कुटुंबात झाला. ‘यूजो’ हे त्यांनी पुढे मुंडन करून घेतल्यावर धारण केलेले नाव होय. तरुणपणी ते क्योतो येथे योशिमासा यांच्या सेवेत होते. तेथे कोणी मत्सराने केलेल्या चहाडीमुळे त्यांना तुरुंगवास घडला, असे परंपरा सांगते. कैदेत असताना त्यांनी हिए देवस्थानच्या उत्सवातील नौका आणि माकडे अतिशय सूक्ष्म आकारात कोरली. ते काम शोगुनांच्या पाहण्यात आले, यूजो यांची सुटका झाली आणि तलवारीचा साज घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ही कथा घराण्याच्या परंपरेतून आलेली असून तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहावे लागते.

त्यांच्या उमेदीच्या काळात ओनिन युद्धाने (१४६७–१४७७) क्योतोचा मोठा भाग बेचिराख केला. राज्यकारभारात अपयशी ठरलेले योशिमासा कलांचे आश्रयदाते म्हणून स्मरणात राहिले. चहा, चित्रकला आणि उद्यानरचना यांबरोबर तलवारीच्या साजालाही त्यांच्या दरबारात प्रतिष्ठा मिळाली. चित्रकार कानो मोतोनोबु यांनी यूजो यांना आराखडे काढून दिले, असेही सांगितले जाते. यूजो यांच्या मागे दुसरी पिढी सोजो यांनी चालवली.

काम

गोतो घराण्याचे मुख्य काम तीन वस्तूंचे होते. मुठीवरील गुंडाळीखाली दोन्ही बाजूंना बसवलेल्या नक्षीच्या जोडीला ‘मेनुकी’ म्हणतात. म्यानाच्या कप्प्यात राहणाऱ्या छोट्या सुरीची मूठ म्हणजे ‘कोझुका’, तर केस सावरण्याची सळई म्हणजे ‘कोगाई’. एकाच नक्षीच्या या तिन्हींचा संच ‘मितोकोरोमोनो’ या नावाने ओळखला जातो. मूठ आणि पाते यांच्या मधली चकती, म्हणजे ‘त्सुबा’, ही जपानी साजातील सर्वांत परिचित वस्तू असली तरी सुरुवातीच्या गोतो पिढ्यांचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता.

यूजो यांच्या नावावरील कामात सोने आणि ‘शाकुदो’ हे धातू प्रामुख्याने दिसतात. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडे सोने मिसळून केलेला मिश्रधातू. विशिष्ट द्रावणात उकळल्यावर त्याला निळसर काळी झळाळी येते. कोझुका आणि कोगाई यांच्या पृष्ठभागावर गाबोळीसारखे बारीक दाणे ठशाने उमटवतात. त्याला ‘नानाको’ म्हणतात. त्यावर ड्रॅगन, सिंह यांसारख्या आकृती ठळक उठावात येतात.

काम ओळखण्याचा प्रश्न

भारतीय तलवारीच्या मुठीत लाखेसारखा पदार्थ भरून पाते घट्ट बसवत. जपानी तलवारीची लाकडी मूठ मात्र बांबूच्या एका खुंटीवर टिकते. खुंटी काढली की सारा साज सुटा होतो, आणि तो दुसऱ्या पात्याला चढवता येतो. म्हणून पाते कोणत्या काळाचे आहे यावरून साजाचा काळ ठरत नाही. साजाची परीक्षा साजावरच करावी लागते.

ही परीक्षा बरीचशी मागच्या बाजूने होते. सुरुवातीच्या पिढ्यांच्या मेनुकी पातळ पत्रा आतून ठोकून उठवलेल्या असतात. त्यामुळे मागील पोकळीची खोली, पत्र्याची जाडी आणि आधाराच्या खुंट्या पाहिल्या जातात. सोन्याचा पातळ पत्रा उठावावर चढवून कडांशी अडकवण्याची पद्धतही जुन्या कामाची खूण मानतात. कोझुकांबाबत आणखी सावध राहावे लागते, कारण जुनी कोगाई कापून तिची नक्षी नव्या कोझुकेत बसवण्याची प्रथा होती. अशा वस्तूत नक्षी एका पिढीची आणि चौकट दुसऱ्या पिढीची असते.

पुढील काळातील घराण्याचे प्रमुख पूर्वजांच्या वस्तू तपासून त्यांवर निर्णय कोरत: काम यूजो यांचे, आणि खाली निर्णय देणाऱ्याचे स्वतःचे नाव व चिन्ह. ‘ओरिगामी’ नावाची घडीची प्रमाणपत्रेही दिली जात. त्यांत वस्तूची किंमत सोन्याच्या नाण्यांत नोंदवलेली असे. हिदेयोशी यांच्या काळापासून मोठी सुवर्णनाणी पाडण्याचे कामही याच घराण्याकडे होते. मूळ पुरुषाच्या नावाची प्रतिष्ठा वाढण्यात घराण्याचा स्वार्थ होताच, त्यामुळे हे निर्णय मौल्यवान असले तरी निःपक्ष म्हणता येत नाहीत. दुसरीकडे, एवढ्या जुन्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेले दुसरे परीक्षकही नव्हते.

प्रभाव

गोतो शैलीला ‘इएबोरी’, म्हणजे घराण्याचे कोरीवकाम, असे नाव पडले. तिच्या ठरीव विषयांबाहेर पडून योकोया सोमिन (१६७०–१७३३) यांनी शहरी ग्राहकांसाठी ‘माचिबोरी’ ही मोकळी शैली रूढ केली.

१८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातल्यावर साजाची मागणी एकाएकी आटली आणि असंख्य वस्तू पाश्चात्त्य संग्राहकांच्या हाती गेल्या. अनेकदा संच फुटले. मेनुकी एका देशात, तर कोगाई दुसऱ्या देशात पोहोचली. यूजो यांच्या नावावरील वस्तूंपुढे संग्रहालये आजही बहुधा ‘यांचे मानले जाणारे’ अशीच नोंद करतात.