सोपाऱ्याचे पूर्ण स्थविर

विरारहून चर्चगेटकडे जाणारी गाडी पकडली की पहिलंच स्टेशन नालासोपारा. पश्चिमेला उतरून सोपारा गावाकडे गेलं की बुरूड राजाचा कोट लागतो. तिथला स्तूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. बुद्धपौर्णिमेला आपण लेकराबाळांसह जातो, मेणबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील घेतो आणि डबा सोडून तिथेच सावलीला बसतो. पण ज्या सोपाऱ्याच्या माणसाने या किनाऱ्यावर धम्म आणला त्या पूर्ण स्थविरांचं चरित्र आपल्या मुलांना विचारलं, तर ती आपल्याच तोंडाकडे बघतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत ते सांगावंसं वाटलं.

त्यांची माहिती दोन ठिकाणी मिळते. पालीमध्ये मज्झिम निकायातलं पुण्णोवाद सुत्त आणि त्यावरची अट्ठकथा, आणि संस्कृतमध्ये दिव्यावदान. दोन्हींचे तपशील सगळे जुळत नाहीत. अट्ठकथेत ते सोपाऱ्याच्या व्यापारी गृहस्थाचे पुत्र आहेत, भावाबरोबर आळीपाळीने बैलगाड्यांचा तांडा घेऊन मुलूखगिरी करणारे. दिव्यावदानात त्यांची आई दासी आहे. चमत्काराच्या गोष्टीही पुष्कळ आहेत, त्या मी बाजूला ठेवतो. बाबासाहेबांनी आपल्याला तसंच वाचायला शिकवलं आहे.

दिव्यावदानातली हकिकत अशी. सोपाऱ्यात भव नावाचा धनिक होता. तो आजारी पडला, चिडचिडा झाला, तेव्हा बायको आणि तिन्ही मुलं त्याला सोडून गेली. घरातल्या दासीने मात्र वैद्याला विचारून औषध आणलं, सेवा केली आणि त्याला उठवून बसवलं. तिच्या पोटी पूर्ण जन्माला आला. मुलगा हुशार निघाला, पेढी सांभाळू लागला. बाप गेल्यावर भावांत वाटणीचा विषय निघाला. दासीच्या पोराला कसला वाटा, असं दोघा भावांचं म्हणणं. वाटा देणं राहिलंच, घर, शेत आणि दुकान यांच्याबरोबर त्यांनी पूर्णालाच वाटणीत धरलं! थोरला भाऊ भविल याने मालमत्तेवर पाणी सोडून पूर्णाला मागून घेतलं. दोघं रिकाम्या हाताने बाहेर पडले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं काय असतं ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. इथे मुद्दा पुढचा आहे, की या पोराने मान खाली घातली नाही.

एक दिवस बाजारात लाकडाची मोळी घेतलेला माणूस थंडीने कुडकुडताना त्याला दिसला. मोळीत मौल्यवान गोशीर्ष चंदन आहे हे पूर्णाने ओळखलं आणि मोळी विकत घेतली. पुढे सोपाऱ्याच्या राजाला ज्वर आला, वैद्यांनी चंदनाचा लेप सांगितला आणि पूर्णाचे दिवस पालटले.

आता खरा प्रसंग. सोपारा तेव्हा मोठं बंदर. परदेशचा माल घेऊन व्यापारी आले की एकट्याने सौदा करायचा नाही, सगळ्यांनी मिळूनच करायचा, असा नियम इथल्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने केला होता. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत व्यापारी मंडळ समजा. पूर्ण सरळ गेला, बयाणा देऊन सगळा माल आपल्या नावावर करून आला. श्रेणीवाल्यांनी त्याला पकडून नेलं, साठ कार्षापण दंड ठोठावला आणि भर उन्हात उभं केलं. दंड भरून, हात जोडून सुटणं सोपं होतं. बाजारात राहायचं तर श्रेणीशी वैर परवडत नाही, हे कोणीही सांगितलं असतं. पण प्रकरण राजापुढे गेलं तेव्हा पूर्णाने एवढंच विचारायला लावलं, की हा नियम ठरवताना मला किंवा माझ्या भावाला बोलावलं होतं का? नव्हतं बोलावलं. राजाने त्याला सोडलं. नंतर राजालाच त्या मालातलं काही हवं झालं, तेव्हा तेच व्यापारी पूर्णाच्या दारात विनवण्या करत उभे राहिले.

माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या उन्हातल्या उभं राहण्यात आहे. दहशतीचं काम मारून होत नाही, मार बसेल या विचाराने होतं. आपल्या विरार लोकलचंच बघा. बोरिवलीला उतरणारा कोणी चुकून चढला, की दारातला ग्रुप त्याला नुसता बघतो, दोन शब्द सुनावतो, उतरू देत नाही. हात कोणी लावलेला नसतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस ती गाडी स्वतःहूनच सोडतो, आणि महिन्याभराने नव्या माणसालाही तोच सांगतो की या गाडीत चढू नको. म्हणजे धाक घालणाऱ्याचं काम धाक खाल्लेलाच फुकट करू लागला! गावाकडे यापेक्षा भयंकर होतं. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. 1930 च्या तिच्या अहवालात हेच आलं, की उघड मारहाणीपेक्षाही बहिष्कार हे जास्त जालीम हत्यार आहे. दुकानदार मीठ देत नाही, शेतावर काम मिळत नाही. मग विहिरीवरचा हक्क कायद्याने मिळालेला असला तरी माणूस घागर घेऊन घरातच बसतो.

पूर्णाने पुढे समुद्रप्रवास केले, एकामागून एक. सातव्या खेपेला श्रावस्तीचे व्यापारी जहाजावर होते. रात्री आणि पहाटे ते बुद्धवचन म्हणत. ते ऐकून पूर्णाच्या अंगावर काटा आला. परत आल्यावर तो श्रावस्तीला अनाथपिंडिकाकडे गेला. एवढा श्रीमंत व्यापारी आला म्हणजे व्यापारासाठीच आला असणार, असं अनाथपिंडिकाला वाटलं! पूर्णाने प्रव्रज्या मागितली.

पुढचा संवाद पाली सुत्तातही आहे, दिव्यावदानातही आहे. भिक्खू झालेल्या पूर्णांनी तथागतांकडे थोडक्यात उपदेश मागितला. डोळ्यांना, कानांना, मनाला जे गोड वाटतं त्याला कवटाळलं की दुःख उपजतं, असा तो उपदेश होता. मग तथागतांनी विचारलं की आता राहणार कुठे. पूर्णांनी सुनापरांताचं नाव घेतलं. अपरांत म्हणजे आपली ही पश्चिम किनारपट्टी. तिथली माणसं तापट आणि कठोर आहेत, याची तथागतांनी जाणीव दिली. शिव्या देतील, धमकावतील, तेव्हा काय कराल? पूर्णांचं उत्तर असं, की हाताने मारलं नाही म्हणजे माणसं भलीच आहेत असं मानीन. हाताने मारलं तर? ढेकळं मारली नाहीत. ढेकळांनी? काठी नाही. काठीने? शस्त्र नाही. शस्त्राने? जीव तर घेतला नाही. आणि जीव घेतला तर? या देहाला कंटाळून काही जण स्वतः शस्त्र शोधतात, मला ते न शोधता मिळालं, असं समजेन. तथागतांनी साधुकार दिला आणि जायला संमती दिली.

हे वाचून आपल्यातले काही तरुण रागावतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्यांना पुन्हा सोसायलाच सांगायचं का? पण पूर्णांना त्या मुलखात कोणी ढकललं नव्हतं. धोका माहीत असून ते आपल्या पायांनी निघाले. धमकावणाऱ्याजवळ जेवढ्या पायऱ्या होत्या, तेवढ्या त्यांनी निघण्याआधीच मनात चढून पाहिल्या, मग घाबरवायला शिल्लक काय राहिलं? आणि हेच गृहस्थ श्रेणीपुढे गप्प बसले नव्हते, हेही विसरू नये. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. उलट मारायला तयार असलेल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा त्याच महाडला परिषद भरवली. पूर्णांचं सोसणं मला या जातीचं वाटतं.

किनाऱ्याच्या मुलखात आल्यावर परीक्षा लगेच झाली. भिक्षेला निघालेल्या पूर्णांना शिकारीला जाणारा एक पारधी आडवा आला. मुंडण केलेला माणूस समोर येणं म्हणजे अपशकुन, म्हणून त्याने धनुष्य ताणलं. पूर्णांनी अंगावरचं चीवर बाजूला केलं आणि पोट दाखवलं. या पोटासाठीच इथे आलो, मारायचं तर इथे मार, असं त्याला सांगितलं. पारध्याचा हात खाली आला. तो तिथेच बसून धम्म ऐकू लागला आणि उपासक झाला. त्या एका वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका झाल्या, असं सुत्त सांगतं. उपासिकांचा आकडा वेगळा दिला आहे हे आपल्या माता-भगिनींनी लक्षात घ्यावं. तापट म्हणून नाव पडलेली ती माणसं याच मातीतली.

काही काळाने पूर्णांचं परिनिर्वाण झालं. त्यांची गती काय झाली, हे भिक्खूंनी तथागतांना विचारलं. तथागतांनी त्यांना पंडित म्हटलं, धम्माच्या बाबतीत त्यांनी मला कधी त्रास दिला नाही असं सांगितलं.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी कोटातल्या टेकाडाचं उत्खनन केलं. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ बुद्धमूर्ती होत्या. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि 1956 साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्याचा. येत्या बुद्धपौर्णिमेला स्तूपावर जाल तेव्हा मुलांना आधी ती उन्हात उभं केल्याची गोष्ट सांगा. पारध्याची त्यानंतर.