विल्फ्रेड ओवेन : स्वेच्छेने परतलेला सैनिक

विल्फ्रेड ओवेनचा जन्म १८ मार्च १८९३ रोजी इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथे झाला. फ्रान्समध्ये इंग्रजी शिकवून उदरनिर्वाह करणारा हा तरुण १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि पुढे मँचेस्टर रेजिमेंट ह्या पायदळ पलटणीत अधिकारी बनला. १९१७ च्या आरंभीच्या चकमकींनी व तोफांच्या भडिमाराने त्याचे मन विकल झाले. उपचारांसाठी त्यास एडिंबरो येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात पाठविण्यात आले. तेथे कवी सिगफ्रीड ससून भेटला, आणि युद्धातील मरणाला शौर्याचा मुलामा न देणारी ओवेनची कविता आकारास आली.

तरीही १९१८ च्या ऑगस्टअखेरीस तो पुन्हा फ्रान्सला गेला. युद्धाचा धिक्कार करणाऱ्या कवीने असे का करावे? आपल्या सैनिकांचे नेतृत्व करावे आणि त्यांची दुःखे प्रत्यक्ष पाहून त्यांची कैफियत मांडावी, असा दुहेरी हेतू त्याने आईला कळविला होता.

४ नोव्हेंबर १९१८ रोजी ओर्सजवळ सांब्र-वाझ कालवा ओलांडताना तो मारला गेला. त्याचे वय अवघे २५ होते. सात दिवसांनी, युद्धविरामाच्याच दिवशी, मृत्यूची तार घरी पोहोचली. त्याच्या टिपणवहीत रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’तील निरोपाचे शब्द होते. १९२० मध्ये त्या मातेने रवींद्रनाथांना पत्राने हे कळविले.