समजून घ्या : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम लिहिणारे गॅरी गायगॅक्स कोण होते?

सोसायटीच्या पार्किंगमधल्या क्रिकेटचा ‘एक टप्पा आउट’ हा नियम कोणत्याही पुस्तकात नसतो. जागा आणि खेळाडू पाहून तो ठरतो. फासे, कागद आणि पेन्सिल घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे (डी अँड डी) नियम मात्र छापील आहेत. मग जादूगाराचा एखादा नियम आपल्या गोष्टीसाठी बदलला तर चालतो का? या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी या प्रश्नाची आयुष्यात दोन वेगवेगळी उत्तरे दिली.

खेळ कसा जन्मला?

गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेल्यावर त्यांनी घर चालवण्यासाठी बूट दुरुस्तीचे काम केले. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासोबत त्यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम छापले. डेव्ह आर्नसन यांनी त्यात बदल केले आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकच पात्र दिले. त्यातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डी अँड डी’ आला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या फक्त १,०००.

क्लास आणि जादूला मर्यादा का?

सुरुवातीला योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच क्लास होते. जादूगाराला चिलखत घालता येत नसे. पहिल्या पातळीवर त्याला एकच मंत्र मिळे. तो वापरला की विसरला जाई आणि पुन्हा पाठ करावा लागे. ही कल्पना लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांमधली. जादू अमर्याद असती, तर योद्ध्याला काही कामच उरले नसते.

भूमिका का बदलली?

पहिल्या पुस्तिकांनी खेळाडूंना स्वतःच्या कल्पनेने भर घालण्याचे आवाहन केले होते. खेळ वाढला, स्पर्धा सुरू झाल्या. १९७७ ते १९७९ दरम्यान ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन पुस्तके आली, तेव्हा गायगॅक्स एकसारख्या नियमांचा आग्रह धरू लागले. आर्नसन यांनी मानधनासाठी १९७९ मध्ये दावा लावला; तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. १९८५ मध्ये कंपनीचा ताबा गायगॅक्स यांच्या हातून गेला आणि पुढच्या वर्षी ते बाहेर पडले. ४ मार्च २००८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय चालते?

२०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन ते बदलता येतात, छापून विकताही येतात. घरच्या टेबलावर तर कुणाची परवानगी लागत नाही. पथ्य एकच : जादूगाराला नवी ताकद दिली, तर तिची किंमतही ठरवा. नाहीतर बाकीचे खेळाडू नुसते बघत बसतील.